पती-पत्नी एकत्रीकरण

२१ जानेवारी

बढतीची यादी लागली. माझं नाव आहे, आणि चांगलं वर आहे. म्हणजे यंदा मी गट ब मध्ये जाणार, कुणी कितीही आडवं आलं तरी. संघमित्राने नोटीस बोर्डासमोरच पाठीत धपका घातला. "उत्तरा मॅडम, राजपत्रित! आता आमच्या सत्यप्रतींवर सही मारताना भाव खायचा नाही हं." मी म्हटलं, आधी ऑर्डर तर निघू दे बाई. पण नंतर कितीतरी वेळ फाईल उलटी धरून बसले होते, ते तिनेच दाखवलं.

ही डायरी ऑफिसने दिलेली. दरवर्षी ती लेकीच्या, अबोलीच्या, गणितांना जाते. यंदा मी ठेवून घेतली. काहीतरी घडणार असं वाटतंय आणि ज्याला सांगावं तो माणूस घरात नाही.

तो माणूस ओरोसला आहे. सर्वेश, माझा नवरा. अबोली बालवाडीत असताना त्याची भांडुपची कंपनी बंद पडली, तेव्हा त्याने आमच्याच खात्याची परीक्षा दिली आणि निवड झाली ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात. मी इथे, अंधेरीच्या ऑफिसात, आस्थापना शाखेत. म्हणजे लोकांच्या बढत्या-बदल्यांच्या फाईली माझ्याच टेबलावरून जातात, आणि माझा स्वतःचा नवरा दहा वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात. हसायचं की रडायचं?

गट क ची नोकरी जिल्ह्याच्या खुंट्याला बांधलेली. दुसऱ्या जिल्ह्यात जाता येतं, नाही असं नाही, पण ज्येष्ठता शून्य. काल लागलेल्या पोरांच्याही खाली नाव. आम्ही तेव्हाच ठरवलं होतं की शून्यावर कुणी जायचं नाही, ना त्याने ना मी. मी गट ब मध्ये गेले की माझी नोकरी अख्ख्या राज्याची होते. मग पसंतीत लिहायचं कोकण विभाग, कारण लिहायचं 'पती-पत्नी एकत्रीकरण', सोबत नवऱ्याच्या ऑफिसचं प्रमाणपत्र जोडायचं, आणि बॅगा भरायच्या. दहा वर्षं मी ह्या एका वाक्यावर काढली आहेत.

त्याला फोन केला. म्हणाला, "हं. बरं झालं." आवाज बसलेला होता. थंडीचं दही खातो, ऐकत नाही.

२ फेब्रुवारी

रविवार. व्हिडिओ कॉल केला तर समोर कोण, ओळखूच येईना. मिशी गायब! कॉलेजपासूनची मिशी. मी म्हटलं, अरे हे काय? तर म्हणे उकडतं. फेब्रुवारीत? ओरोसला? म्हटलं, जाऊ दे, एकटा माणूस, आरशासमोर उभा राहून काहीतरी करत बसत असेल.

दिवाळीला आला तेव्हा माझा लग्नातला मरून शालू मागून घेऊन गेला. "पडून तर आहे कपाटात," म्हणाला. कशाला हवा विचारलं तर म्हणाला, असू दे तिकडे. मला वाटलं, माझी आठवण म्हणून नेतोय. त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं आणि आबांनी मुकाट्याने खाल्लं.

आज फोनवर त्याला सांगितलं, तुझी उशी मी अजून दर रविवारी उन्हात घालते. खिडकीतून नाहूरच्या पुलाचा जो तुकडा दिसतो ना, त्याच्यावरून ऊन सरकलं की उशी आत घेते. आणि एक सांगितलं, हसू नकोस म्हटलं. दाराच्या कडीला तेल घालते, तू पहाटेच्या गाडीने आलास तर आवाज होऊन आबा उठू नयेत म्हणून. तो म्हणाला, "हं." मी म्हटलं, ऐकतोयस ना? "ऐकतोय की. बोल तू." मग मीच बोलत राहिले. माझ्या बोलण्याचा आणि त्याच्या हंचा हिशेब कधी जुळणार देव जाणे.

९ फेब्रुवारी

आबांशी वाजलं. आबा म्हणजे माझे सासरे, गुणाजी. परळच्या गिरणीत उभा जन्म गेला, गिरणी गेल्यावर नाहूरला आमच्याकडे आले. मी जेवताना म्हटलं, आबा, पावसाळ्याच्या आत आपण सगळे ओरोसला. अबोलीला तिकडे अकरावीला घालू. तर ते ताटातच बघत म्हणाले, "झिलाक इचारलंस?"

म्हटलं, सर्वेशला त्यात विचारायचं काय? नियमच आहे तसा.

"शिरा पडो तुझ्या नियमार," म्हणाले. मग हात धुऊन आले, आणि बसून सांगायला लागले. "मी हंय गिरणीत, तुझी सासू गावाक. मे महिन्यात ती हंय येय. आठ दिस माका बरा वाटे. नवव्या दिसाक मीच तिका इचारी, 'गाडी कधीची गो?' रडली एकदा. माका तेचा कारण कळला नाय."

मी म्हटलं, तुमचा काळ वेगळा, आबा. खोलीत वीस-वीस माणसं राहायचात तुम्ही. त्यांनी मान हलवली आणि टीव्ही लावला. म्हातारं माणूस, कुठलं कुठे नेऊन जोडतात.

१४ फेब्रुवारी

आज संघमित्राचा डबा मी खाल्ला, तिने माझा. तिच्या ज्वारीच्या भाकरीसाठी मी काहीही देईन. ती मूळची जालन्याची. नवरा विकी घाटकोपरला नोकरीला म्हणून तिने जालन्याची सगळी ज्येष्ठता सोडली आणि इथे शून्यावर आली. तिने शिकवलेली पोरं आज तिची रजा मंजूर करतात. मला तिची नेहमी दया यायची. आज न राहवून विचारलं, पस्तावत नाहीस का गं कधी?

"पस्तावते ना," म्हणाली. "दर एक तारखेला पस्तावते. पगार बघितला की वाट लागते डोक्याची. पण संध्याकाळी तो गॅलरीत उभा असतो गं. चहा टाकून. बेक्कार करतो चहा."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा का नाही आला इकडे? आपल्या खात्यात दर दोन वर्षांनी आंतरजिल्हा बदलीची यादी निघते की. तूच तर पाठवतेस."

मी म्हटलं, आमचं ठरलंय, शून्यावर जायचं नाही. ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. तिला कळत नाही असं नाही, पण माणसाने थोडा लांबचा विचार करायला हवा. एवढी वर्षं थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला?

२५ फेब्रुवारी

आज मीटिंगला कोकणातले दत्ताराम परब साहेब आले होते. चांगला माणूस, येताना आस्थापनेला खाजं घेऊन येतो. चहाच्या वेळी माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "आता तुम्हीच या तिकडे. तुमच्या मिस्टरांना आम्ही दोनदा विचारलं, मुंबईला जागा आहे, संमती द्या. दोन्ही वेळा नाही म्हणाले. आम्हाला काय, असा माणूस हातचा कोण सोडेल?"

मी हसले आणि खाज्याचा तुकडा तोंडात टाकला.

त्यांचा घोळ झाला असणार. सर्वेश नावाची माणसं कोकणात पायलीला पन्नास. शिवाय मी आस्थापनेला बसते. मला माहीत आहे, नावं चुकतात, एकाचा आदेश दुसऱ्याला जातो. मागे एका रजेवरच्या बाईला निवृत्त करून टाकलं होतं आमच्याकडे.

आणि समजा विचारलं असेल, तरी नाही म्हणणारच ना तो. आमचं ठरलेलंच होतं तसं. त्यात चुकलं काय?

फक्त, मला सांगायला हवं होतं.

२८ फेब्रुवारी

फोनवर विचारणार होते. विचारलं नाही. अबोलीची दहावीची परीक्षा चालू आहे, घरात तणाव नको.

८ मार्च

ऑर्डर आली! गट ब, राजपत्रित. महिला दिनाला ऑर्डर निघाली म्हणून सगळ्या बायकांनी मिळून गुलाब दिला आणि साहेबांनी भाषण ठोकलं. मी ऑर्डर तीनदा वाचली. माझं नाव, वडिलांचं नाव, नवं पदनाम. घरी आले तर आबांनी माझ्या पायाला हात लावायचं नाटक केलं, "सायबीणबाय, माझा पेन्शन वाढवा," म्हणाले. अबोली तर नाचलीच.

विभागाची पसंती अठ्ठावीस मार्चपर्यंत द्यायची. एकत्रीकरण मागायचं तर जोडीदाराच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र हवं की सदर कर्मचारी अमुक ठिकाणी कार्यरत आहेत. चार ओळींचं प्रमाणपत्र. मी स्वतः असली शेकडो काढून दिली आहेत, चहा थंड व्हायच्या आत.

सर्वेशला फोन केला. म्हणाला, "राजपत्रित झालीस गं." हे मात्र छान म्हणाला. मग मी प्रमाणपत्राचं सांगितलं. म्हणाला, "हं, बघतो."

१५ मार्च

प्रमाणपत्र नाही. साहेब शिमग्याला गावी गेलेत म्हणे.

१९ मार्च

साहेब आले, पण शिक्का सापडत नाही. सरकारी ऑफिसात शिक्का सापडत नाही! हे मला सांगतो. मला!

मी म्हटलं, मग मार्चअखेर होण्याआधी दोन दिवस तूच ये, प्रमाणपत्र घेऊन ये. म्हणाला, "मार्चअखेर आहे, रजा कोण देतंय."

फोन ठेवल्यावर मी त्याची उशी कपाटात वरच्या कप्प्यात टाकली. थोड्या वेळाने परत काढली. तिचा काय दोष.

२३ मार्च

हे काल लिहायला हवं होतं.

काल आबा दुपारपासून अंगात नवा सदरा घालून बसलेले. मुलुंडला मैदानावर मालवणी जत्रोत्सव आहे, गावाकडची कंपनी आली आहे, दशावतार बघूक जावया. मी म्हटलं, मला मूड नाही. तर अबोलीपण मागे लागली. तिचे पेपर संपलेले, म्हटलं चला. रिक्षात आजोबा-नात चोरासारखे एकमेकांकडे बघत होते, मला वाटलं भजी खायचा बेत असेल.

सातचाच प्रयोग होता. आबांनी ओळखीचं कुणीतरी गाठून आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं, अगदी पेटीवाल्याच्या समोर. मी लहानपणी गावाला बघायचे, पण झोपेत. ह्यात लिहिलेलं काही नसतं. गोष्ट ठरलेली, बाकी ज्याने त्याने उभं राहून आपल्या मनाचं बोलायचं. आणि बायकांची कामं पुरुषच करतात, नऊवारी नेसून, केसात गजरा माळून.

राजा वनवासाला गेला. पडद्याआडून राणी आली.

आधी मी शालू ओळखला. मरून, आणि काठाला जिथे लग्नात पाटाचा खिळा लागून फाटला होता तिथे माझे टाके. पांढऱ्या दोऱ्याने घातले होते मी, मरून मिळाला नव्हता. मला वाटलं, बघा, मेल्याने माझा शालू कुणाला तरी दिला. मग राणीने मान वळवली.

अबोलीने माझा हात घट्ट धरला. म्हणजे तिला माहीत होतं. आबांनाही. सगळ्यांना.

काय सुंदर दिसत होता. हे मी लिहिणारच, कुणी वाचत नाही. चालताना पदर असा सावरत होता की मी कधी सावरला नाही. लोक शांत झाले. राणी दाराशी उभी राहिली, म्हणजे दार तिथे नव्हतंच, पण तिने हात ठेवला आणि मला दार दिसलं. आणि म्हणाली, "महाराज, दहा वर्षं झाली. दर आदितवारी मी तुमची उशी उन्हात घालते. ऊन सरकलं की आत घेते. दाराच्या कडीला तेल घालते महाराज, तुम्ही पहाटे आलात तर आवाज नको. कडीला तेल आहे, आणि पहाट रोज येते."

माझ्या मागच्या खुर्चीवरची बाई रडायला लागली. पलीकडची कुजबुजली, "किती खरा बोलता गो."

मी रडले नाही. मला इतका राग आला की कानशिलं गरम झाली. माझं वाक्य! माझी उशी, माझी कडी! फोनवर ह्या माणसाला "हं" शिवाय शब्द फुटत नाही आणि इथे चारचौघांत माझं घर पसरून ठेवलंय. आणि त्याचे डोळे भरले होते. खरे भरले होते, गालावरचा रंग ओघळला.

मग त्याने समोर बघितलं. पुढची रांग. मी.

बोलतच नाही. तोंड उघडं. पेटीवाल्याने सूर धरला, सोडला, परत धरला. मृदंगवाला वाकून बघायला लागला. राणी अशीच उभी. शेवटी वनवासाला गेलेला राजा धावत परत आला, त्याला यायलाच नको होतं, आणि ओरडला, "राणीसाहेब लाजल्या!" लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि राणी पाठ करून आत पळाली.

मी रिक्षा केली आणि घरी आले. कडी घातली. मग उठून काढली.

२४ मार्च

काल सकाळी तो आला. हातात दुधाची पिशवी, पाहुण्यासारखी. कानामागे पिवळा रंग राहिला होता. आबा उठून देवळात गेले, एरवी कधी जात नाहीत. अबोली आतल्या खोलीत, दाराला कान लावून असणार, माझीच पोरगी.

मी म्हटलं, मुलुंडला आलास आणि नाहूरला नाही? एक स्टेशन रे!

"सकाळी येणारच होतो."

"मार्चअखेर होती ना तुझी?"

"लाज वाटली," म्हणाला.

म्हटलं, लुगडं नेसायची लाज नाही वाटत, बायकोला सांगायची वाटते?

तेव्हा तो बोलला. दहा वर्षांत बोलला नसेल इतका. पहिल्या वर्षी ओरोसला संध्याकाळ खायला उठायची. खोलीत बसवेना म्हणून प्रयोग बघायला जायला लागला. एकदा राणीचं काम करणारा आजारी पडला, ह्याला उभं केलं. "आणि गं, मला बोलता आलं. मला. ऑफिसात मी टिप्पणीच्या बाहेर चार शब्द बोलत नाही. तिथे बोललो आणि बायका रडल्या. इतकी वर्षं मिशीवर रंग थापून भागवलं, यंदा काढलीच." मग मुंबईच्या जागेसाठी विचारलं तेव्हा नाही म्हणाला. दोनदा. परब साहेबांचा काही घोळ झाला नव्हता. "इथे येऊन मी कोण असतो? शून्य. कालच्या पोरांच्या खाली बसायचं आणि संध्याकाळी टीव्ही. तिथे निदान हंगामात मी कुणीतरी असतो."

मी म्हटलं, मी तुला येऊ नको म्हटलं असतं का? नाटक कर म्हटलं असतं.

"आणि तुला विचारलं असतं, तू ये, शून्यावर ये, तर आली असतीस?"

दूध उतू चाललं होतं. मी गॅस बंद करायला गेले आणि जरा जास्तच वेळ तिथे उभी राहिले.

परत आले आणि विचारलं, "प्रमाणपत्र का देत नाहीस?"

खाली बघून म्हणाला, "तू साहेब होऊन येणार. माझ्याच जिल्ह्यात. मी गट क, तू गट ब राजपत्रित. बरं, ते एक चालेल. पण सगळे म्हणणार, मॅडमचा नवरा रात्री लुगडं नेसून नाचतो."

"नाचतोस कुठे? उभा राहून रडतोस," मी म्हटलं. त्याला हसू आलं. मलाही येत होतं, पण मी दाबलं, एवढ्यात सुटका द्यायची नव्हती. म्हटलं, "आणि माझी वाक्यं चोरतोस. परवानगी घेतलीस?"

"दुसऱ्या कुणाची आणू? वाट कशी बघतात ते मला तुझ्याकडूनच कळतं. फोन ठेवला की मी सगळं परत म्हणून बघतो, विसरू नये म्हणून. तू तिकडे आलीस की..."

मी पूर्ण केलं. "मी तिथे आले की फोन बंद. मग राणी बोलणार काय?"

तो दुधाच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत बसला. हं पण नाही.

आता मला कळत नाही, हे सगळं तो खरं बोलला का? सवयच आहे त्या लोकांना, उभ्या उभ्या मनाला भिडेल असं बोलायची. पण स्वयंपाकघरात पेटी नव्हती आणि बघायला लोकही नव्हते. जेवला नाही, चहा घेऊन गेला. परवा बोरिवलीला प्रयोग आहे त्यांचा, मग परत.

तो गेल्यावर बघते तर पलंगावर शालू. घडी घालून ठेवलेला.

२५ मार्च

शालू दिवसभर पलंगावर. मी त्याच्या शेजारी झोपले, म्हणजे पलंगाच्या अर्ध्यातच. एवढ्या वर्षांत मी आडवी-तिडवी झोपायला शिकले आहे हे काल लक्षात आलं. नवव्या दिवशी मीच त्याला गाडी कधीची विचारलं तर?

आबांना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? म्हणाले, "पयल्यापासून. माझो झील असो बोलता ह्या माकाच खरा वाटाना." मग हळूच, "तुझ्या सासूक मी कधी असा बोललंय नाय गो. बोलूक येय पण नाय."

अबोली म्हणते, "मम्मी, त्याच्या रील्सना किती व्ह्यूज आहेत माहितेय? सगळा कुडाळ ओळखतो पप्पाला. तुला एकटीलाच माहीत नव्हतं." झकास. म्हणजे मी राजपत्रित अधिकारी आणि घरातली बातमी मला सर्वांत शेवटी.

संघमित्राला सांगितलं. मला वाटलं हसेल. तिने विचारलं, "दिसतो कसा?" म्हटलं, माझ्यापेक्षा बरा. "मग जा की गं बाई," म्हणाली. "नाहीतर तिकडेच कुणी राजा पळवून नेईल." आणि मग हसली, आणि मग मीपण, इतकी की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले.

२६ मार्च

संध्याकाळी मरून दोरा आणला. स्टेशनबाहेरच्या फॉल-पिकोवाल्याकडे रंग जुळवून घेतला, दिवाणखान्यात बसून जुने पांढरे टाके उसवले आणि नवे घातले. लांबून दिसणार नाहीत असे. एका टाक्याला बोटात सुई गेली, आणि तेवढ्या निमित्ताने मी रडून घेतलं.

अबोली आणि आबांच्या हाती बोरिवलीला पाठवून दिला. सोबत निरोप दिला, नीट पाठ करून घेतला अबोलीकडून. प्रमाणपत्र परवा संध्याकाळपर्यंत हवं. नाही दिलंस तरी मी पसंती देणारच, पण कोकण मागणार नाही, जिथे सरकार टाकेल तिथे जाईन. शालू मात्र परत घेणार नाही. तो राणीचा.

अबोली परत येऊन म्हणाली, पप्पाने शालू घेतला. काय म्हणाला? "काही नाही. हं म्हणाला."

२८ मार्च

सकाळपासून मेल उघडत होते. अर्ज भरून समोर, पसंतीचा रकाना कोरा. गेले तीन आठवडे दुसऱ्यांचे अर्ज मीच तपासते आहे. एका बाईच्या नवऱ्याचं प्रमाणपत्र आजच लावलं, आता दोघंही नंदुरबारला एकत्र. हेवा वाटला. नंदुरबारचा कुणाला हेवा वाटेल?

जेवण गेलं नाही. संघमित्रा स्वतःची खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आली आणि तिचं काम तिथेच करत बसली. चार वाजले. साहेबांनी निरोप पाठवला, मॅडम, तुमचाच अर्ज राहिलाय. मी पेन उचललं. अख्खं आयुष्य इथे काढलं, नाहूर काय वाईट आहे, असं मनाला सांगत होते. मनाला पटत नव्हतं. मला तो हवा आहे. आवाज बसलेला, मिशी काढलेला, कसाही. समोर बसून त्याने नुसतं हं म्हटलं तरी चालेल.

संघमित्राने माझा माऊस हलवला. "आलं गं."

ओरोसच्या ऑफिसचा मेल. सदर कर्मचारी या कार्यालयात कार्यरत आहेत. शिक्का लख्ख. खाली मोबाईलवर त्याचा मेसेज:

"ये. पण पुढच्या रांगेत बसू नको. बोलायचं विसरतो."

मी कोकण विभाग लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं पती-पत्नी एकत्रीकरण. एवढ्या लोकांच्या अर्जात हे शब्द मी तपासले, बरोबरची खूण केली, पुढे ढकलले. स्वतःच्या अक्षरात पहिल्यांदा लिहिले.

३० मार्च

रविवार, आणि गुढीपाडवा. नेमणुकीचा आदेश यायला मे उजाडेल, आणि कोकण विभाग म्हणजे पालघरही असू शकतं, रायगडही. ओरोसच मिळेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. हे मला माहीत आहे, मी आस्थापनेला बसते.

गुढी उभारली. मग उशी उन्हात घातली. कडीला तेल घालायला गेले तर आबांनी आधीच घातलेलं होतं, वाहत होतं खाली. पुलावरून ऊन सरकलं तशी उशी आत घेतली, गरम होती, जरा वेळ मांडीवर ठेवली.

हे त्याला सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं की पुढच्या प्रयोगात येणार, आणि कुठल्यातरी जत्रेत बायका माझ्या उशीसाठी रडणार.

मग फोन करून सांगितलंच.